बुरशी नव्हे

प्रेमानंद सरांना हट्ट्यात त्यांच्या नावानं ओळखणारे थोडेच. बाकी गाव त्यांना 'नव्हे सर' म्हणायचं. वसमतच्या कॉलेजात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून सर घरी बसले आणि लोक त्यांच्याकडे रोगट पानं घेऊन येऊ लागले. हळदीचा सडका कंद कुणी पुढं केला की सर चष्मा कपाळावर सरकवत, भिंग डोळ्याला लावत आणि म्हणत, "ही बुरशी नव्हे." जिथं सगळा मुलूख 'न्हाई' म्हणतो, तिथं हा एकटा माणूस 'नव्हे' म्हणायचा. लोकांना त्याची गंमत वाटे, पण सरांनी सांगितलेलं औषध मात्र बिनचूक लागू पडे. म्हणून गंमत करणारेही दुसऱ्या वर्षी कंद घेऊन हजर.

सर जानेवारीत गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकून त्यांची मुलगी सपना पुण्याला परतली होती. ती एका प्रकाशनाकडे मुद्रितं तपासायची. लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढण्यात तिची वीस वर्षं गेली होती. मार्चमध्ये आठ दिवसांची रजा काढून ती पुन्हा आली, ती घर बंद करायला. गावात तेव्हा हळद शिजत होती. प्रत्येक दारासमोर, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मैदानावर पिवळी वाळवणं पसरलेली होती. ओल्या हळदीचा तो मातकट, गरम वास खिडक्या लावल्या तरी घरात येत होता.

घरात आवरण्यासारखं फार नव्हतं. आई जाऊन बारा वर्षं झालेली. दोन खोल्या, चार भांडी, पुस्तकं, आणि समोरच्या खोलीत भिंत अडवून उभं असलेलं लोखंडी कपाट. कपाटात सरांनी वाळवून ठेवलेली रोगट पानं होती. प्रत्येक पान खाकी कागदाच्या पाकिटात, पाकिटावर चिकटवलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर पाच ओळी: क्रमांक, पीक, रोग, ठिकाण आणि तारीख, नोंद घेणाऱ्याचं नाव. परभणीच्या विद्यापीठातली पुनम नावाची एक संशोधक विद्यार्थिनी गुरुवारी जीप घेऊन येणार होती. जुन्या वाळलेल्या पानांतूनही रोगाची जात आता ओळखता येते, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. सरांचा संग्रह त्यांच्या नावानं वेगळा ठेवणार होते. 'प्रेमानंद संग्रह.' सपनानं ते दोन शब्द एका कागदावर लिहून पाहिले होते. गेल्या दोन महिन्यांत तिला बरं वाटलेली तेवढीच एक गोष्ट होती.

तिला करायचं होतं ते एवढंच, की पाकिटं वहीशी ताडून क्रमानं लावायची.

कपाटाचे कप्पे तिला लहानपणापासून पाठ होते. सगळ्यांत वर 'बुरशी नव्हे'. ज्वारीचा केवडा, हळदीची कंदकूज, मोसंबीचा डिंक्या, असे रोग त्या कप्प्यात. दिसायला बुरशीसारखेच, पण त्यांचे बीजाणू पाण्यात पोहतात, त्यांना दोन शेपट्या असतात. कुळ शोधायला गेलं तर शेवाळाच्या घरात सापडतं. "खरी बुरशी झाडापेक्षा किड्याला जवळची," बाबा सांगायचे. "तिच्या अंगात तेच असतं जे खेकड्याच्या कवचात असतं. वरच्या कप्प्यातल्यांच्या अंगात ते नाही. मग बुरशीचं औषध त्यांना कसं लागू पडणार? दार एकाचं आणि कडी वाजवायची दुसऱ्याची!" त्याखाली 'पिशवीवाल्या', यांची बीजं सूक्ष्म पिशवीत तयार होतात, भुरीचं कुळ यांतलं. मग 'दांडीवाल्या', म्हणजे तांबेरा आणि काणी. आणि सगळ्यांत खाली 'अपूर्ण'. ज्यांच्या आयुष्याचा अर्धा भाग अजून कुणी पाहिलेला नाही, त्या बुरश्या. तुरीची मर त्यांत होती.

मंगळवारी दुपारपर्यंत काम सरळ चाललं. मग पाकीट क्रमांक ६०९ आलं. पीक हळद. रोग कंदकूज. पण ते 'अपूर्ण'च्या कप्प्यात होतं.

चुकून खाली ठेवलं असेल, असं म्हणून तिनं ते वर ठेवलं. मग ६१२ आलं. तेही कंदकूज, पण चिठ्ठीवर लिहिलं होतं 'मर'. ६१५ मध्ये करप्याचे डाग पडलेलं हळदीचं पान होतं आणि चिठ्ठी म्हणत होती 'भुरी'. भुरी म्हणजे पानावर पीठ शिंपडल्यासारखं दिसतं, हे सपनालाही पाचवीपासून माहीत होतं. अक्षर बाबांचंच, तेच टपोरं, डावीकडे झुकलेलं. ६२० नंतर काही पाकिटांत हिरवी, धडधाकट पानं वाळवलेली निघाली. एकही डाग नाही. चिठ्ठ्यांवर मात्र रोगांची मोठमोठी नावं.

६३३ वर रोगाच्या ओळीत लिहिलं होतं: 'मुंजाजीला विचारणे'.

सपना बराच वेळ ते पाकीट मांडीवर घेऊन बसली. तारीख दीड वर्षापूर्वीची होती. दीड वर्षापूर्वी ती काय करत होती? दर रविवारी दहा वाजता फोन करत होती. फोन स्पीकरवर टाकून समोर मुद्रितं घेऊन बसत होती. बाबा सांगायचे, गव्हाचा तांबेरा आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिकत नाही गं बाई, दरवर्षी मरतो आणि दरवर्षी दक्षिणेच्या डोंगरांवरून वाऱ्याबरोबर नव्यानं येतो, शेकडो मैल. ती म्हणायची, हो का बाबा. पुढच्या रविवारी ते पुन्हा तेच सांगायचे. आणि त्याच्या पुढच्या. म्हातारी माणसं सांगतातच तेच ते, असं तिनं धरून चाललं होतं. एखाद्या हस्तलिखितात तोच परिच्छेद तीनदा आला असता, तर तिनं समासात लाल खूण केली असती.

बाबांकडे वर्षानुवर्षं पानं घेऊन येणाऱ्या मुंजाजीचं वावर गावाला लागूनच होतं. हळद शिजवायच्या भट्टीवरच्या कुकरमधून वाफ उसळत होती आणि मुंजाजी शिजलेली हळद पाटीनं ओढून पसरत होता. साठीचा, काटक माणूस. हात कोपरापर्यंत पिवळे. बायको सोजराबाई फडक्यानं तोंड बांधून खराट्यानं थर सारखा करत होती.

"ये माय, ये," मुंजाजी म्हणाला. "सांभाळून. पाय भाजंल."

"काका, हे काय आहे?" सपनानं पाकीट पुढं केलं.

त्याला वाचायला चष्मा लागायचा, पण त्यानं तो खिशातून काढला नाही. नुसतं पाकिटाकडं बघितलं आणि पाटी खाली ठेवली.

"सापडलं व्हय."

"सापडणारच," सोजराबाई म्हणाली. "मी म्हणलं न्हवतं? कपाट काय सरांसंगं जाणार हाय का? पर ह्यांना कोण सांगणार. शाना माणूस!"

"तू गप गं."

"मी काहून गप बसू? दोन वर्सं गप बसले ते बास झालं. सांगा तिला."

मुंजाजीनं हात धोतराला पुसले. ते आणखी पिवळे झाले.

"पयल्यांदा मला वाटलं, सर मस्करी करून राहिले," तो म्हणाला. "मी सडका कंद नेला, तं म्हणले ही मर हाय. मी म्हणलो, सर, तुमीच तं शिकवलं, ही पाण्यात पवणारी जात, ही बुरशी न्हाई. सरांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणले, मुंजाजी, असं किती दिवस झालं? मी म्हणलो, हे तिसऱ्यांदा. म्हणले, बरं."

"मला का नाही सांगितलं?"

"त्यास्नीच नको व्हतं."

"पण का?"

मुंजाजीनं बायकोकडं पाहिलं. सोजराबाई खराटा टेकून उभी राहिली.

"म्हणले, माझी पोरगी चुका हुडकायचं काम करती. माझ्या तिला दिसू नयेत."

भट्टीत कुणीतरी लाकूड सरकवलं. सपना वाळत घातलेल्या हळदीकडे बघत राहिली.

"तकलीफ काय न्हवती त्यास्नी," मुंजाजी घाईनं म्हणाला. "जेवायचे, फिरायचे. फकस्त पानं आली न्हाईत की कावरेबावरे व्हायचे. लोकांचं येनं कमी झालं व्हतं ना. दवा चुकाया लागली तसे लोक दुकानाकडं गेले. मग मीच न्यायचो. पंधरा दिसाला एक तरी पान."

"रोग नसला तरी नेत व्हते," सोजराबाई म्हणाली. "चांगली हिरवी पानं तोडून! मी म्हणलं, हळदीला रोग न्हाई, तुमालाच लागलाय. तं म्हणले, सरांचा दिस जातो. आन् सर सांगतील ती दवा मारली म्हणून सांगायचे तोंड वर करून. मारायचे दुसरीच."

"बराबर तीच मारायचो, जी सरांनी धा वर्सांमागं सांगितली व्हती," मुंजाजी म्हणाला. "त्यात काय खोटं?"

घरी येऊन सपनानं ६०९ पासून ६४७ पर्यंतची पाकिटं बाहेर काढली आणि जमिनीवर मांडली. तिच्यापुढे दोनच वाटा होत्या, असं तिला वाटलं. एक, चिठ्ठ्या नव्यानं लिहायच्या. बाबांचं अक्षर तिला काढता येत होतं; शाळेत असताना प्रगतिपुस्तकावरची सही तिनं दोनदा काढली होती. तिनं एक कोरी चिठ्ठी घेतली, 'रोग: करपा' असं लिहिलं. अक्षर हुबेहूब आलं. ते पाहून तिनं चिठ्ठी फाडली. मग तिनं दुसरी वाट धरली. सगळी पाकिटं आपल्या प्रवासाच्या बॅगेत, साड्यांखाली, ठेवून दिली. वही ६०८ वर संपल्यासारखी दिसावी म्हणून शेवटची दोन पानंही जपून, ब्लेडनं, शिवणीपासून कापली. परभणीच्या लोकांना हट्ट्याचे 'नव्हे सर' मिळतील, एकही चूक नसलेले. बाबांनाही तेच हवं होतं.

गुरुवारी सकाळी पुनम आली. पंचविशीची, ठसठशीत बोलणारी मुलगी. सोबत खोकी आणि लॅपटॉप. कपाट उघडलं तशी ती वरच्या कप्प्यासमोर उभीच राहिली.

"ताई, हे सरांनी कधी लावलं? म्हणजे ही विभागणी?"

"मी लहान होते तेव्हापासून असंच आहे."

"आमच्याकडे अजून अर्धे लोक केवड्याला बुरशीच म्हणतात. परीक्षेतसुद्धा!" ती हसली. "मला सर भेटायला हवे होते."

सपना चहा ठेवायला आत गेली. पुनम जमिनीवर मांडी घालून एकेक पाकीट उघडायची, पान बघायची, चिठ्ठी मोठ्यानं वाचत लॅपटॉपवर उतरवायची. स्वयंपाकघरातून सपनाला तो आवाज येत होता. कित्येक वर्षांत त्या घरात कुणी बाबांचे शब्द असे ओळीनं वाचले नव्हते. पीक गहू, रोग तांबेरा, हट्टा. पीक ज्वारी, रोग काणी, हट्टा. नोंद घेणारा, प्रेमानंद.

चारच्या सुमारास ती शेवटाकडे आली. "सहाशे आठ. पीक ज्वारी. रोग तांबेरा," तिनं वाचलं आणि टाइप करायला घेतलं.

सपना शेजारी बसून खोक्यांना सुतळी बांधत होती. तिनं सहज त्या पानाकडे पाहिलं. तांबेरा लागलेलं पान लहानपणी तिनं शेकडो वेळा हातात धरलं होतं; बोट लावलं की बोटाला विटकरी भुकटी लागते, वाळल्यावर पाकिटाच्या कागदालाही लागते. या पाकिटाचा कागद आतून स्वच्छ होता. पान फिकट, उभं चिरलेलं, चिंध्या झाल्यासारखं. हा केवडा होता. ज्या कप्प्यावरून सगळं गाव बाबांना हसायचं, त्याच कप्प्यातला.

तिला सापडलेल्या चुका ६०९ पासूनच्या होत्या. ही तिच्या नजरेतून निसटली होती. मग याआधी किती निसटल्या असतील? पुनमची बोटं चालत होती. बाबांच्या नावाखाली, कायमचं, 'तांबेरा' उमटत होतं.

"थांबा," सपना म्हणाली. "ते चूक आहे."

पुनमनं पान उजेडात धरलं. उलटं करून पाहिलं. "हो," ती सावकाश म्हणाली. "सरांची चिठ्ठी चुकून बदलली असेल."

"चिठ्ठी बदललेली नाही." सपना उठली. आतून बॅग आणली, साड्या बाजूला काढल्या आणि एकोणचाळीस पाकिटं पुनमसमोर ठेवली. वर वहीची कापलेली दोन पानं ठेवली. "बाबांना शेवटी शेवटी आठवत नव्हतं. मला माहीत नव्हतं. ही तुम्ही नेऊ नयेत म्हणून मी लपवली होती."

पुनमनं दोनचार पाकिटं उघडली, पुन्हा बंद केली. ती रागावेल, निदान ओशाळेल, असं सपनाला वाटलं होतं. तिनं मात्र पिशवीतून कोऱ्या पांढऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला.

"ताई, नमुन्यावरची जुनी चिठ्ठी आम्ही कधी काढत नाही. कितीही चुकलेली असली तरी. तिच्याखाली दुसरी लावायची. हे अमुक नसून तमुक आहे, तपासणाऱ्याचं नाव, तारीख. मोठमोठ्या लोकांच्या पाकिटांना अशा चारचार चिठ्ठ्या असतात." ती जरा थांबली. "अडचण वेगळी आहे. चुका नेमक्या कधीपासून सुरू झाल्या ते कळायला हवं. नाहीतर सगळ्याच संग्रहावर शंका येते. आधीच्या सहाशेंवरसुद्धा. ते कोण सांगेल? तुम्ही?"

सपनानं मान हलवली. "मी नाही सांगू शकत. मुंजाजीकाका सांगतील, त्यांना बोलावते."

मुंजाजी हातपाय धुऊन आला, टोपी काढून, परीक्षेला बसल्यासारखा भिंतीला टेकून बसला. पाठोपाठ सोजराबाईही आली, म्हणाली, "ह्यांच्या ध्यानात ऱ्हायतं काय? बाजारातून मीठ आनायचं ऱ्हात न्हाई." पण पाकिटं पुढं आली तसा मुंजाजी एकेक सांगू लागला. पुनमला जे पानावरून दिसत होतं ते ती सांगे, आणि तो त्या दिवसाचं सांगे.

पहिली चूक ५९६ ला निघाली. त्याआधीची पन्नास-साठ पुन्हा तपासली, सगळी बरोबर होती.

"ह्या दिसाला सरांनी मला दोनदा चहा पाजला," मुंजाजी म्हणायचा. "एकदा पाजला त्ये इसरले म्हणून. मी दोन्ही पिलो." पुनम म्हणायची, "करपा." सपना चिठ्ठीवर लिहायची: भुरी नसून करपा. तपासणारी: सपना प्रेमानंद. मुंजाजी यांच्या माहितीवरून.

"हे पान मीच नेलतं, चांगलं व्हतं. सर म्हणले याला रोग हाय, अजून दिसंना एवढंच."

"ह्या दिसाला तुझा फोन येऊन गेला व्हता. लई खुशीत व्हते."

"ही कंदकूज. ह्या टायमाला मातर सरांनी बराबर वळखली, बघ की. वर लिहिलंय ना बराबर? मला म्हणले, आज कसं वाटतंय मुंजाजी, पास का? मी म्हणलो, पयला नंबर."

"आन् ह्यांना सर म्हणले, तू नापास," सोजराबाई म्हणाली, आणि मग पदर तोंडाला लावून दाराकडं बघत बसली.

सपना लिहीत होती. तिला न सांगितलेली दोन वर्षं अशी एकेका पाकिटातून बाहेर येत होती, क्रमांक आणि तारखेसकट. ती प्रश्न विचारत नव्हती. मुंजाजी थांबला की पुढचं पाकीट पुढं करत होती.

शेवटी एकच उरलं, ६४१. त्यात एक अरुंद पान होतं, उत्तम दाबून वाळवलेलं, मागची शीर न मोडता. पानावर राखी रंगाची वर्तुळं, एकात एक. चिठ्ठीवर क्रमांक, ठिकाण, तारीख, नोंद घेणाऱ्याचं नाव, सगळं ठळक आणि स्थिर हातानं लिहिलेलं. पीक आणि रोग, या दोन ओळी कोऱ्या.

मुंजाजीनं पान हातात घेतलं, उजेडात धरलं, वास घेतला. "हे माझ्या वावरातलं न्हाई. तारीक काय म्हणली? तवा मी न्हवतोच. लेकीकडं गोरेगावला गेलतो, आठ दिस."

"मग कुणी आणून दिलं?"

"कुनी न्हाई. मी न्हवतो तवा कुनी येत न्हवतं." त्यानं पान परत दिलं. "सर एकटेच गेले असतील कुठं तरी."

पुनमनं भिंग लावून बराच वेळ पाहिलं. "मलाही ओळखता येत नाही," ती म्हणाली. "आणि ताई, ओळख पटली नाही तर ओळ कोरीच सोडायची, असा नियमच आहे. अंदाजानं काही लिहायचं नाही. सरांनी नियम पाळला असेल." मग तिनं भिंग खाली ठेवलं. "किंवा त्यांना शब्द आठवला नसेल. यातलं कोणतं, ते कळायला काही मार्ग नाही."

बाहेर कुणीतरी वाळवणावरची हळद ढिगानं ओढत होतं. सोजराबाई उठून आपलं झाकायला निघाली, मुंजाजीही तिच्यामागं गेला. जीपचा चालक खोकी उचलू लागला.

सपनानं गठ्ठ्यातली शेवटची चिठ्ठी घेतली. खाली स्वतःचं नाव लिहिलं, तारीख घातली. वरच्या दोन ओळी तिनंही कोऱ्या सोडल्या आणि चिठ्ठी बाबांच्या चिठ्ठीखाली चिकटवून, डिंक वाळेपर्यंत, अंगठ्यानं दाबून धरली.